पोर्तोफिनो, मार्गे मुठा

इटलीतल्या पोर्तोफिनो या गावी जायला पुणेकरांना दोन रस्ते आहेत. एक मुंबईच्या विमानतळावरून मिलानला आणि तिथून आगगाडीने. दुसरा पिरंगुटहून डावीकडे वळून उरवडे, मुठा, टेमघर करत, आपल्या मोटारीने. दुसऱ्या रस्त्याला व्हिसा लागत नाही, जेवणाची चिंता नसते आणि रात्री झोपायला आपलंच अंथरूण असतं. म्हणूनच पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मुठा गावातून जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. टेमघरच्या पुढे घाट चढून पलीकडे उतरलं, की दासवे इथे तळ्याच्या काठाने पिवळ्या, नारिंगी, विटकरी रंगांच्या उंच घरांची ओळ दिसते. हे लवासा. दासव्याचा हा काठ पोर्तोफिनोच्या धर्तीवर उभा केलेला आहे. तिथल्या एका रस्त्याला नावही तेच दिलेलं आहे.

मुठ्यात एका टपरीवर चहा घेताना शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "सायेब, गाव म्हनं हुबेहूब उतरवलंय. मंग त्या गावाला समुद्र हाय म्हनत्यात, त्यो कुठं ऱ्हायला?" पुढे सौ.सह मी त्या इटालियन किनाऱ्यावर नऊ दिवस राहिलो, तेव्हा हा प्रश्न सामानात होताच. युरोपातल्या समुद्रकाठच्या एखाद्या शहरी आपलं आपण जावं, राहावं, हिंडावं असं हल्ली पुष्कळांच्या मनात असतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि नमुना आपल्याच तालुक्यात असल्यामुळे अधूनमधून मुठा खोऱ्यात डोकावणार आहे.

मुक्काम करायचा तो जेनोआत. (तिथले लोक जेनोवा म्हणतात.) प्रवासी कंपन्यांच्या बसेस सहसा या शहरात थांबत नाहीत, पिसाच्या कलत्या मनोऱ्याकडे जाताना उंच पुलावरून ते खाली दिसतं, तेवढंच. त्या जागेवरचा जुना पूल 2018 च्या ऑगस्टमध्ये कोसळला आणि 43 माणसं दगावली. 2020 मध्ये नवा पूल झाला, तो रेंझो पियानो या जेनोआच्याच वास्तुशिल्पीच्या आराखड्यावरून. मिलानहून जेनोआ आगगाडीने दोन तासांच्या आत येतं. ब्रिन्योले स्टेशनच्या आसपास साधी, स्वच्छ हॉटेलं आहेत. इथे राहिलं की किनाऱ्यावरची सगळी गावं लोकल गाडीच्या टप्प्यात येतात आणि पोर्तोफिनोतल्या एका रात्रीच्या भाड्यात इथे कित्येक रात्री निघतात.

जेनोआ पहिल्या दिवशी आवडेलच असं नाही. बंदराला लागून असलेल्या जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन घरांतून साखरेची वाटी देता-घेता यावी. वाळत घातलेले कपडे, मासळीचा वास, अंधार, आमची ही म्हणाली, "एवढा खर्च करून भुलेश्वरला आलो!" पण तिसऱ्या वळणावर एकदम चित्रांनी मढवलेला राजवाडा समोर येतो. व्हिया गारिबाल्दी या एकाच रस्त्यावर अशा वाड्यांची रांग आहे. त्यांतल्या तुर्सी वाड्यात नगरपालिका बसते आणि पागानिनीचं व्हायोलिन तिथेच जपून ठेवलं आहे. कास्तेलेत्तोच्या लिफ्टने वर जावं. सगळं शहर, बंदर आणि 1543 सालापासून उभा असलेला दीपस्तंभ एका नजरेत येतो. मुलं बरोबर असतील तर बंदरातलं मत्स्यालय अर्धा दिवस खाईल.

मला मात्र पाहायचा होता सान जॉर्जो वाडा. हौस म्हणाल तर बँकवाल्याची. 1260 मधली ही इमारत बंदराच्या तोंडाशी आहे. मार्को पोलो 1298 च्या सुमारास जेनोआच्या कैदेत होता, तो याच वाड्यात अशी तिथली परंपरा सांगते. कैदेत त्याने सोबतच्या कैद्याला जे प्रवासवर्णन सांगितलं, त्यात आपलं ठाणं आहे. पुढे 1407 मध्ये सान जॉर्जो बँक स्थापन झाली. जगातल्या अगदी जुन्या बँकांपैकी ही एक. जेनोआच्या राज्याला कर्ज दिलेल्या सावकारांनी एकत्र येऊन ती काढली. राज्याला मुद्दल फेडता येईना, तेव्हा करवसुली बँकेकडे गेली. 1453 मध्ये तर अख्खं कॉर्सिका बेट बँकेच्या कारभाराखाली आलं. आम्ही थकबाकीदाराचा फार तर ट्रॅक्टर ओढून आणत असू.

आता खाण्याचं. मराठी कुटुंबाला युरोपात जी धास्ती असते, ती या किनाऱ्यावर अगदी अनाठायी आहे. लिगुरिया हा डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेला प्रांत. सपाट जमीन नाही, गुरांना चारा नाही. त्यामुळे जेवण पाल्याचं, डाळीच्या पिठाचं आणि ऑलिव्हच्या तेलाचं. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि तेल एवढ्यावर केलेलं धिरडं. फक्त ते तव्यावर न घालता तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वर मिरपूड. पानिस्सा ही तर सख्खी पाटवडी. तेच पीठ घोटायचं, थापायचं, वड्या पाडायच्या. खोबरं-कोथिंबीर नाही एवढंच, आणि पुष्कळदा वड्या तळतात. आमच्या हिने दुकानदारीणबाईंना हातवाऱ्यांनी विचारलं, पीठ किती वेळ घोटता? त्यांनी हातवाऱ्यांनीच सांगितलं, दंड दुखेपर्यंत. दोघींचं एकमत झालं.

पेस्तो ही बेझिलच्या पानांची चटणी. दगडी खलात, लाकडी बत्त्याने. बेझिल आपल्या सब्जाच्या जातीचं, पण जेनोआच्या प्रा भागातली पानं लहान आणि कोवळी असतात. त्यात चीज असतं, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावं. तिथली काही पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या रसाने विरजतात. फोकाच्चा ही तेलात न्हालेली चपटी पावरोटी सकाळी कॉफीत बुडवून खातात. खारं आणि गोड एकत्र, ऐकायला विचित्र वाटतं, पण चहात खारी बुडवणाऱ्यांनी नाक मुरडू नये. मासे खाणाऱ्यांनी ताज्या आंचोव्या लिंबू पिळून खाव्यात. खानावळी दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आधी सहसा उघडत नाहीत. मधल्या वेळेला बेकरी. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी रक्कम लावतात, ती बसण्याची; वाद घालू नये. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त.

बँकेत असताना कर्जाचं प्रकरण आलं की जागा पाहायला जावं लागे. आमच्या एका जुन्या साहेबांनी शिकवलं होतं की दर्शनी भाग पाहून अहवाल लिहायचा नाही. मागच्या दाराने आत जायचं, कोठार पाहायचं, कामगार जेवायला कुठे बसतात ते पाहायचं. निवृत्तीनंतरही ही सवय जात नाही. गावंही मी मागच्या दारानेच पाहतो. पोर्तोफिनोचं मागचं दार म्हणजे कामोल्यी. जेनोआहून लोकलने तासाच्या आत.

कामोल्यी हे खलाशांचं गाव. पुरुष वर्षानुवर्षं जहाजांवर, गावात बायकाच. म्हणून गावाच्या नावाची 'बायकांची घरं' अशी फोड तिथले लोक करतात. भाषाशास्त्र काय म्हणेल ते म्हणो. मला मुळशी-मावळातली गावं आठवली. तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईत डबे पोचवत राहिले आणि भाताची आवणी, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं बायकांनी रेटलं. कामोल्यीची घरं सहा-सहा मजली, कारण डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये जागाच नाही. पूर्वी तळमजल्यावर होड्या आणि जाळी ठेवत. प्रत्येक घराचा रंग वेगळा, तो समुद्रावरून परतणाऱ्याला आपलं घर लांबून ओळखता यावं म्हणून, असं सांगतात.

आणि गंमत अशी की या घरांच्या निम्म्याशिम्म्या खिडक्या खोट्या! भिंतीवर रंगाने खिडकी काढलेली, झडप काढलेली, खिडकीवरची नक्षी आणि तिची सावलीसुद्धा काढलेली. धक्क्यावर बसून खऱ्या खिडक्या कुठल्या आणि रंगवलेल्या कुठल्या हे ओळखण्यात आमचा एक तास गेला. एक झडप मी खोटी ठरवली होती, ती उघडून एका आजीबाईंनी सतरंजी झटकली. तेव्हा दासव्याला नक्कल म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. नक्कल हे लोकही करतात. पण रंगवलेल्या खिडकीच्या शेजारी सतरंजी झटकणारी खिडकी आहे. घरं उंच का, रंगीत का, या प्रश्नांची उत्तरं तिथल्या लोकांच्या पोटापाण्यात आहेत. टपरीवरच्या त्या शेतकऱ्याला समुद्र हवा होता तो याचसाठी.

कामोल्यीहून बोटीने सान फ्रुत्तुओसोला जावं. डोंगराच्या कुशीतला हा मठ. तिथे मोटारीचा रस्ता नाही, बोट किंवा पायवाट. जवळच समुद्रात 17 मीटर खोल ख्रिस्ताची ब्राँझची मूर्ती 1954 पासून हात वर करून उभी आहे. तिथून पोर्तोफिनोपर्यंतची पायवाट दोनेक तासांची, ऑलिव्हच्या बागांमधून. सिंहगड चढणाऱ्याला काही वाटू नये. वाटेत डोंगरउतारावर चुना-माती न वापरता नुसते दगड रचून घातलेल्या ताली दिसतात. ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. मुठा खोऱ्यातल्या खाचरांचे बांध त्याच हातोटीचे आहेत, पण त्यांच्यापुढे थांबून कोणी फोटो काढत नाही.

खुद्द पोर्तोफिनो अर्ध्या दिवसाचं. बारका धक्का, त्यावर श्रीमंतांच्या नौका, चारेकशे वस्ती. कॉफीचा दर विचारूनच बसावं. 2023 मध्ये तर फोटोसाठी वाट अडवणाऱ्यांना 275 युरोपर्यंत दंडाचा नियम केला होता. वर कास्तेल्लो ब्राउन हा किल्ला आहे, तिथून खालचा देखावा पाहावा आणि सांता मार्गेरिताची बस धरावी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. या डोंगराला 1935 सालापासून कायद्याचं संरक्षण आहे. ज्या देखाव्यासाठी जग येतं, तो न बांधलेल्या डोंगराचा देखावा आहे. तरी 2018 च्या ऑक्टोबरात वादळाने सांता मार्गेरिताचा रस्ता वाहून गेला आणि गावाचा मोटाररस्ता पुढच्या एप्रिलपर्यंत तुटला.

आपल्याकडची कथा ठाऊक असलेलीच आहे. 1996 मध्ये महाराष्ट्र सरकारने खाजगी गिरिस्थानांचं धोरण आणलं, त्याखाली मोसे खोऱ्यातली गावं आली. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबवलं, 2011 मध्ये अटींवर परवानगी दिली. 2018 च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2023 मध्ये 1,814 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून 2024 मध्ये ती रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. त्याच जुलैत तिथल्या बंगल्यांवर दरड कोसळली. कर्ज देणाऱ्या बँका निदान हिशेबात तोटा लिहून मोकळ्या होतात. निवृत्तीचे पैसे घालून घर घेतलेल्या कुटुंबाला आणि जमीन गेलेल्या धनगर-शेतकऱ्याला तो लिहायला वहीच नसते. 'लवासा' या शब्दाला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. तो घडवून घेतलेला आहे. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही नावं मात्र कोणी बसून घडवलेली नव्हेत.

पण दासव्याला भुताचं गाव म्हणणंही खरं नाही. तिथे महाविद्यालय आहे, मुलं सायंकाळी काठावर हिंडतात, काही घरांत कायमची वस्ती आहे, दोरीवर कपडे वाळत असतात. मला सगळ्या गावात ते कपडेच जास्त आवडले.

इटलीला जायचं तर मे किंवा सप्टेंबर. ऑगस्टात अर्धी इटली त्याच किनाऱ्यावर असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झोडपतो. लोकलचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. सूटकेस लहान असावी, कारण जेनोआत पायऱ्या फार.

आणि त्याआधी जुलैत एकदा मुठ्याला थांबा. दासव्याला जाताना किंवा येताना, पण मुठ्यासाठी म्हणून थांबा. मुळशीत घरगुती मुक्कामाच्या सोयी आता पुष्कळ झाल्या आहेत. आधी सांगितलं तर तांदळाची भाकरी, पिठलं आणि आंबेमोहराचा भात मिळतो. पिठलं ताटात थापून गार होऊ दिलं की तीच पानिस्सा. त्या दिवसांत आवणी चालू असते, तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेलाच लावा. खाचरात रोपं असतात.