पुढचा एपिसोड पनवेलचा?

मालिका बघताना ‘यापेक्षा मी बरं लिहिलं असतं’ असं म्हणता ना? मग लिहाच! फक्त एक लक्षात ठेवा, टीव्हीला तुमच्या भन्नाट आयडियापेक्षा उद्या दुपारी शूट होणारा सीन जास्त हवा असतो.

रात्रीची ठाणे-पनवेल लोकल. ऐरोलीचं ऑफिस सुटलंय, नशिबाने खिडकी मिळालीय. शेजारची ताई मोबाइलवर मालिका बघतेय आणि तुम्ही मान तिरकी करून फुकटात बघताय. नायिका तिसऱ्यांदा तेच वाक्य बोलते. तुमच्या मनात येतं, ‘हे लिहितं तरी कोण?’

उत्तर सोपं आहे. तुमच्याच वयाचं कोणीतरी, बहुतेक आदल्या रात्री जागून.

रोज भूक लागणारा राक्षस

मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली. दूरदर्शनच्या जमान्यात आठवड्याला एक भाग आणि तेरा भागांची मालिका, असा निवांत कारभार होता. मग १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह आणि २०१८ मध्ये सोनी मराठी. रोजची मालिका हाच नियम झाला.

आता जरा हिशेब करा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण बावीस मिनिटं उरतात. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर महिन्याला सव्वीस भाग, म्हणजे जवळपास साडेनऊ तासांचं लिखाण. एका मालिकेसाठी दर महिन्याला चार सिनेमे लिहिण्यासारखंच हे. एकट्याचं कामच नाही. म्हणून कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि त्यांच्या हाताखाली असिस्टंट.

नव्या लेखकाची एन्ट्री होते ती इथून. कथेची खुर्ची सहसा अनुभवी माणसाकडे असते. नवख्याला मिळतात संवाद, नाहीतर पटकथाकाराची मदतनीसगिरी. गुरुवारी रेटिंग येतं, चॅनेलची क्रिएटिव्ह टीम ट्रॅक बदलते आणि तुम्ही लिहून दिलेले चार सीन केराच्या टोपलीत जातात. ते रात्रीतून पुन्हा लिहायची तयारी असेल, तर तुमचा फोन दुसऱ्यांदा वाजतो. अप्रतिम पण चार दिवस उशिरा लिहिणाऱ्यापेक्षा बरं आणि वेळेवर लिहिणारा इथे टिकतो. ऐकायला कडू आहे, पण खरं आहे.

‘सर, एक आयडिया आहे!’

हे वाक्य प्रत्येक निर्मात्याने हजारदा ऐकलेलं असतं. आपल्याला मात्र धाकधूक, की कोणी ढापली तर? कायदा काय म्हणतो ते ऐका. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात, स्पष्टच सांगितलं, की कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती ज्या रूपात मांडली, त्या मांडणीवर असतो. म्हणजे चहाच्या टपरीवर सांगितलेली गोष्ट कोणाचीच नाही. कागदावर उतरवलेले वीस सीन मात्र तुमचे. ते स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन रजिस्टर करता येतात. लेखकांचीच ही संघटना आहे. आधी मेंबर व्हा, स्क्रिप्ट रजिस्टर करा, मग मेल करा. मीटिंग झाली की ‘आज आपण अमुक विषयावर बोललो’ असा दोन ओळींचा मेल टाकायलाही विसरू नका.

पनवेलकर, तुमचा शॉर्टकट

चॅनेलच्या दारात वशिला लागतो, असं म्हणतात. पण मराठीत एक दार वर्षानुवर्षं उघडं आहे, ते म्हणजे एकांकिका. आणि त्यासाठी दादरपर्यंत जायचीही गरज नाही. अटल करंडक ही राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धा आपल्या पनवेलातच होते, वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात. स्पर्धांना मालिकावाले नट शोधायला येतात, तसेच लेखकही. चाळीस-पन्नास मिनिटांत प्रेक्षकाला जागेवरून हलू न देणाऱ्याला बावीस मिनिटं जड जात नाहीत.

कॉमेडी जमत असेल तर स्किट लिहा. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधले समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर नुसते नट नाहीत, ते स्वतः स्किटही लिहितात. चिन्मय मांडलेकरही अभिनय आणि लेखन दोन्ही करतात. सांगायचा मुद्दा, नटांबरोबर तालमीत बसलेल्या लेखकाचे संवाद तोंडात बसतात. ऑफिसच्या ग्रुपला घेऊन वीकेंडला एक स्किट उभं करून बघा. कुठलं वाक्य पडलं, ते लगेच कळेल.

कानासाठीही लिहायचं असतं. टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनींनी रेडिओवरून अख्ख्या महाराष्ट्राला नादावलं, ते नुसत्या संवादांच्या जोरावर. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलने मराठीत खास ऐकण्यासाठी मालिका लिहून घेतल्या. चेहरा नाही, सेट नाही; सगळं शब्दांनी दाखवायचं. संवादलेखकासाठी यापेक्षा चांगली जिम नाही.

राजीनामा? जरा थांबा!

एक तारखेला सॅलरीचा मेसेज येण्याची सवय असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. इथे पैसे एपिसोडवर मिळतात आणि साधारण तीन महिन्यांनी हातात पडतात. मालिका अचानक बंद पडू शकते, लेखक त्याहून अचानक बदलला जातो. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. त्यामुळे निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय बॉसला गुडबाय म्हणू नका. सुरुवात असिस्टंट म्हणून रात्री आणि वीकेंडला करता येते का, ते विचारा.

आणि सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन गोष्टी बघा. टायटलमध्ये नाव येणार का? लिहिलेला पण न वापरलेला भाग धरून पैसे मिळणार का? काम मध्येच थांबवलं तर नोटीस किती दिवसांची? पहिल्या कामाच्या आनंदात हे विचारायला लाज वाटते. विचाराच. विचारणारा लेखक आगाऊ नसतो, प्रोफेशनल असतो.

तर पनवेलकर, ठाणे ते पनवेल जवळपास तासाभराचा प्रवास आहे. तेवढ्यात एक सीन लिहून होतो. आज फक्त दोन माणसं घ्या, एक खिडकी आणि एक भांडण. खांदेश्वर येईपर्यंत संपवा. उद्या दुसरा. महिन्याभरात वीस सीन तुमच्या नावावर असतील. मग शेजारच्या ताईच्या मोबाइलवर कोणाची मालिका चालेल, काय सांगावं!