दुसऱ्या राज्यात भाड्यासाठी घर घेताय? आधी कंपनी तपासा

कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून मला हा प्रश्न बऱ्याचदा येतो: "इथे घर घेऊन भाड्याने देणं परवडत नाही. ओहायोतली एक कंपनी घर, डागडुजी, भाडेकरू सगळं तयार करून देते. घेऊ का?" याला तिकडे 'टर्नकी' म्हणतात. घर न बघता सही करायची, महिन्याला भाडं खात्यात जमा. माझं उत्तर ठरलेलं आहे: घराआधी कंपनी बघा. त्यातलं निम्मं काम घरबसल्या, फुकटात होतं.

उदाहरणादाखल क्लीव्हलंड घेऊ. पहिल्यांदा ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर बिझनेस सर्च उघडा आणि करारावर जे नाव आहे तेच टाका, जाहिरातीतलं नाही. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणारी एलएलसी गेल्याच वर्षी नोंदलेली दिसली, तर आधीच्या कंपनीचं नाव काय होतं ते विचारा. नवी एलएलसी काढणं गैर नाही, पण उत्तर सरळ यायला हवं.

मग लायसन्स. ओहायोत मोबदला घेऊन दुसऱ्याचं घर सांभाळायला, भाडं गोळा करायला रिअल इस्टेट ब्रोकरचं लायसन्स लागतं. तेही राज्याच्या साइटवर नावाने शोधता येतं. मालकांचे पैसे ब्रोकरने वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवायचे असतात. आयडाहोत मात्र असं लायसन्स लागतच नाही, त्यामुळे तिथे ही चाळणी उपयोगाची नाही.

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती काउंटीच्या प्रॉपर्टी रेकॉर्डमध्ये. क्लीव्हलंड कायहोगा काउंटीत येतं. साइटवर पत्ता टाकला की मालक कोण, घर कधी आणि कितीला घेतलं, कर थकलाय का, हे दिसतं. समजा कंपनीने चार महिन्यांपूर्वी ४५ हजार डॉलरला घेतलेलं घर तुम्हाला १ लाख २० हजारांना देऊ केलंय. नफा कमावणं हा त्यांचा धंदाच आहे. पण मधल्या ७५ हजारांत नक्की काय केलं? बिलं मागा आणि शहराच्या बांधकाम खात्याकडे परमिट शोधा. वायरिंग, फर्नेस नवं आहे म्हणतात आणि परमिट एकही नाही, असं असेल तर मी तिथेच थांबेन. त्यांनी आधी विकलेल्या घरांचे पत्ते मागून गूगल स्ट्रीट व्ह्यूवर जुन्या आणि नव्या तारखेचे फोटो ताडून बघा.

कोर्टाच्या नोंदीही ऑनलाइन असतात. क्लीव्हलंडमध्ये तर घरांसाठी स्वतंत्र हाउसिंग कोर्ट आहे. भाडेकरूला काढण्यासाठी कंपनीने केलेल्या केसेस असणारच. कंपनीवर कोणी आणि कशासाठी केस केलीय, ते वाचा.

"भाडं तर वेळेवर येतंय ना!" यावरही विसंबू नका. इंडियानापोलिसमध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांना अशी घरं विकण्यावरून खटले झाले. घरं रिकामी आणि पडीक होती, तरी मालकांना 'भाडं' मिळत होतं, असा त्यात आरोप होता. म्हणून भाडेकराराची प्रत मागा आणि कंपनीशी संबंध नसलेला इन्स्पेक्टर स्वतः नेमा. काही शे डॉलर जातील, जाऊ देत.

मॅनेजमेंट करारात फी साधारण भाड्याच्या ८ ते १० टक्के असते. ती जमा झालेल्या भाड्यावर आहे की ठरलेल्या, हे नीट वाचा. घर रिकामं असतानाही फी घेणारे असतात. शिवाय नवा भाडेकरू आणल्याची फी, दुरुस्तीच्या बिलावरचा त्यांचा वाटा आणि करार मोडायच्या अटी बघा.

क्लीव्हलंडने २०२४ मध्ये बाहेरगावच्या घरमालकांना स्थानिक जबाबदार माणूस नेमणं बंधनकारक केलं. तुमच्यासाठी तो माणूस कोण असेल, हे कंपनीकडून लेखी घ्या.

आणि पैसे पाठवताना ईमेलमध्ये आलेल्या खाते क्रमांकावर थेट वायर करू नका. टायटल कंपनीचा नंबर स्वतः शोधा, फोन करा, आकडा न् आकडा जुळवा आणि मगच पाठवा.