पाठलाग हीच शिकार

नागपूरच्या रामदासपेठेतून पहाटे निघालं की उजाडता उजाडता उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचं फाटक गाठता येतं. आज तिथे कॅमेरे जातात. ब्रिटिशांच्या मध्य प्रांताच्या काळात इथल्या रानांत बंदुका जात. तो काळ सरला, पण त्याची भाषा एका कायद्यात टिकून आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये ‘शिकार’ म्हणजे काय, याची यादीच आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासा किंवा सापळा लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं. याच ओळीत एक इंग्रजी क्रियापद बसलंय: ‘कोर्स’. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘कुर्रेरे’ म्हणजे ‘धावणे’ या धातूत. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं आणि वासावर नव्हे, तर नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांनी जनावराचा पाठलाग करणं, हा अर्थ त्याला चिकटला.

इंग्लंडात या खेळाचे नियम होते. ससा उठला की त्याला आधी थोडं पुढे जाऊ द्यायचं, मग दोनच ग्रेहाउंड सोडायचे. गुण मिळायचे ते वेगाला आणि सशाला वळायला लावण्याला. ससा निसटला तरी शर्यत रंगायची. दुसऱ्या शतकात ॲरियन या ग्रीक लेखकानेही हेच लिहिलं होतं: खरा शिकारी सशाच्या जिवासाठी नव्हे, धावेसाठी कुत्री नेतो. इंग्लंडात २००४ च्या कायद्याने हा खेळ बंद झाला.

आपल्याकडे कुत्र्यांच्या जागी चित्ता होता. कोल्हापूर दरबारचे चित्ते डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून माळावर नेत. काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. पुढचा खेळ काही सेकंदांचा.

रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांचे प्रकार पाहावेत. फासे लावणारे फासेपारधी, चित्ता बाळगणारे चितावाले, बैलाआड दबकत सावजाजवळ सरकणारे गायके. कायद्याच्या यादीत साहेबाचा शौक आणि पारध्याचं पोट एकाच ओळीत आले. साहेबाने बंदूक भिंतीवर टांगली. पारध्याची मात्र रोजीरोटी गेली आणि तिची भरपाई आजही अपुरीच आहे.

तरीही कलमाचा कणा पक्का आहे. ज्या खेळात जनावर मेलंच पाहिजे असं नव्हतं, त्याचंच नाव कायद्याने गुन्ह्याला दिलं. शिवाय नुसता प्रयत्नही त्यात धरला. म्हणून शेतात आलेल्या हरणावर वा सशावर गंमत म्हणून कुत्री सोडणारा ‘मारलं कुठे?’ म्हणून सुटू शकत नाही. असं दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा.