अणुकेंद्रांचे भोवरे

भोवरा फिरवताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. वेग मंदावू लागला की भोवरा तिरका होतो, पण लगेच आडवा पडत नाही. स्वतःभोवती फिरता फिरता त्याचा अक्षही उभ्या रेषेभोवती डुलत फिरू लागतो. या डुलण्याला परांचन म्हणतात. गुरुत्वाकर्षण त्याला पाडू पाहते आणि त्याची फिरकी त्याला पडू देत नाही. या ओढाताणीतून हे डुलणे उद्भवते.

तुमच्या शरीरातही असे असंख्य भोवरे आहेत. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन. प्रोटॉनला स्वतःची फिरकी असते व तो एखाद्या सूक्ष्म लोहचुंबकासारखा वागतो. (तो चेंडूसारखा खरोखर गरगरत नाही, पण आपल्या कामापुरते हे चित्र पुरे आहे.) चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेभोवती डुलू लागतो. क्षेत्र जितके प्रबळ, तितके डुलणे जलद. १ टेस्ला क्षेत्रात तो सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा डुलतो.

आता एक गुणाकार करा. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.००००४ टेस्ला असते. म्हणजे तेथे प्रोटॉनची कंप्रता होते सेकंदाला सुमारे १,७००. ही तर कानांना ऐकू येणाऱ्या ध्वनीची कंप्रता! पाण्याने किंवा रॉकेलने भरलेल्या बाटलीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून ही कंप्रता मोजतात व तीवरून पृथ्वीचे क्षेत्र ठरवतात. जमिनीखालचे खनिज किंवा पुरलेले अवशेष यांमुळे क्षेत्रात पडणारा सूक्ष्म फरक या साधनाने कळतो.

योग्य वेळी धक्का

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले, तर तो उंच जातो. लय चुकली, तर जोर वाया जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. चुंबकीय क्षेत्रातील प्रोटॉनांवर नेमक्या त्यांच्याच कंप्रतेच्या रेडिओ तरंगांचा मारा केला, तर ते ऊर्जा शोषून कलंडतात. तरंग थांबवले की ते हळूहळू पूर्वस्थितीला येतात आणि तोवर वेटोळ्यात एक क्षीण विद्युत् संदेश उमटतो. हा संदेश क्षीण का? कारण १.५ टेस्ला क्षेत्रातसुद्धा दर दहा लाख प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या दिशेने कललेल्यांचे आधिक्य जेमतेम पाचाचे असते. बाकीचे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. पण एक घन सेंटिमीटर पाण्यात ६ वर २२ शून्ये इतक्या संख्येहून अधिक प्रोटॉन असतात, म्हणूनच आपले काम भागते.

इसिडोर रबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या झोतात हे अनुस्पंदन प्रथम पाहिले. पुढे १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेतच एडवर्ड पर्सेल यांच्या गटाला ते मेणात, तर फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाला पाण्यात आढळले. १९५१ मध्ये अल्कोहोलमधील हायड्रोजनचे एकाऐवजी तीन वेगळे संदेश मिळाले. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांमुळे प्रत्येक जागच्या प्रोटॉनला जाणवणारे क्षेत्र किंचित निराळे असते, म्हणून हे घडते. रेणूची रचना ओळखण्याची किल्लीच रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आली. या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते श्री. धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम उभे केले.

शरीराचे चित्र

पण संदेश शरीराच्या कोणत्या भागातून आला, हे कसे ओळखायचे? पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये युक्ती सुचवली: क्षेत्र सर्वत्र सारखे ठेवूच नका, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ते थोडेथोडे वाढवा. मग प्रत्येक जागची कंप्रता वेगळी होईल आणि कंप्रता हाच त्या जागेचा पत्ता ठरेल. पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्रे झपाट्याने घेण्याची रीत शोधली. या दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयातील एमआरआय यंत्र ते हेच. क्ष-किरणांत हाडे ठळक दिसतात. येथे मेंदू, मज्जारज्जू, स्नायुबंध यांसारखे मऊ भाग स्पष्ट दिसतात, कारण निरनिराळ्या ऊतींतील प्रोटॉन पूर्वस्थितीला यायला निरनिराळा वेळ घेतात.

हे विसरू नका

या यंत्रांपैकी बहुतेकांतील चुंबकाची वेटोळी द्रवरूप हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसला ठेवलेली असतात. तेथे विजेला रोध उरत नाही. म्हणून तपासणी चालू नसली, दिवे गेले, तरी चुंबक चालूच असतो! जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे नळकांडे त्या खोलीत नेले गेले. चुंबकाने ते खेचून घेतले आणि एका तरुणाचा जीव गेला. तो रुग्ण नव्हता, नातेवाइकाबरोबर आला होता. तेव्हा आजी-आजोबांना सोबत म्हणून गेलात, तर किल्ल्या, नाणी, केसांच्या पिना, मोबाइल बाहेर ठेवा. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल, तर तो आधी सांगायला लावा.

जाता जाता एक उदाहरण. काही रुग्णालयांतील यंत्रे १.५ टेस्लाची, तर काही ३ टेस्लाची असतात. दोहोंची कंप्रता काढा आणि ती रेडिओच्या एफ. एम. पट्ट्याच्या (८८ ते १०८ मेगाहर्ट्झ) वर पडते की खाली, ते पाहा.