नाचणीच्या दाण्यातला नकाशा

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवर बोटांसारखी कणसं पसरलेलं एक गवत उगवतं. शास्त्रीय नाव एल्युसिन इंडिका. याच्याच वंशाचा फार पूर्वी दुसऱ्या एका गवताशी संकर झाला आणि दोघांची गुणसूत्रं एकाच रोपात नांदू लागली. त्यातून पुढे आली ती कोकणातली नाचणी, म्हणजेच बंगळूरची रागी. दुसरा पूर्वज मात्र अजून सापडलेला नाही!

नाचणीत नऊ-नऊ गुणसूत्रांचे दोन संच आहेत, मिळून सुमारे 145 कोटी अक्षरांचा डीएनए. तो तुकड्यातुकड्यांनीच वाचता येतो. दोन्ही संच इतके सारखे, शिवाय काही मजकूर हजारो वेळा तोच; मग कुठला तुकडा कुठे बसवायचा?

उत्तर दिलं जिवाणूंनी. 1992 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये ‘बॅक’ तंत्र तयार झालं. पिकाच्या डीएनएचे लाख-दीड लाख अक्षरांचे तुकडे इ. कोलाय जिवाणूंत घालायचे. जिवाणू वाढले की प्रत्येक तुकड्याच्या असंख्य प्रती आपोआप होतात. मग प्रत्येक तुकडा ठरावीक एन्झाइमने कापून त्याचा ठसा घ्यायचा. दोन ठशांचा बराच भाग जुळला, की ते तुकडे मुळात शेजारी! असे शेजारी जोडत गेलं की गुणसूत्राचा नकाशा उभा राहतो. 2008 मध्ये गव्हाच्या 3बी या एकट्या, सुमारे 100 कोटी अक्षरांच्या गुणसूत्राचा नकाशा असाच बनला.

नाचणीची पाळी उशिरा आली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये एमएल-365 वाणाचा जीनोम प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी झुरिकच्या संशोधकांबरोबर पीआर-202 वाणाचा आला. त्यात तर जिवाणूंचीही गरज पडली नाही: डीएनएचे लांबच लांब रेणू सरळ ताणून, त्यांच्यावरच्या चमकत्या खुणांचे फोटो काढून, खुणांमधल्या अंतरांवरून नकाशा जुळवला.

असा नकाशा हाती असला, की करप्याला किंवा दुष्काळाला तोंड देणारे जनुक नेमके कुठे आहेत ते शोधता येतं आणि नवं वाण लवकर घडवता येतं. गव्हाच्या वाट्याला आला तेवढा अभ्यास कमी पाण्यावर पिकणाऱ्या नाचणीच्याही वाट्याला यायलाच हवा.