भिंतीवरील तसबीर

आमच्या माजघरांतून ओटीवर येतांना उजव्या हातास एक जुनी तसबीर आहे. ती माझ्या पणजोबांनीं लावली. ते मुंबईस प्रार्थनासमाजांत उपासनेस जात, असें वडील सांगत. तसबीर ब्रह्मानंद केशवचंद्र सेन यांची. माझ्या पुतण्याची मुलगी महाविद्यालयांत इतिहास शिकते. गेल्या महिन्यांत जेवणाच्या वेळीं तिनें मला विचारलें, "आजोबा, बालविवाहाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून जे गृहस्थ झटले, त्यांनींच आपली तेरा वर्षांची मुलगी राजाला दिली. मग त्यांना आपण दिवाळीला हार कां घालतों?"

पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. "जेवण होऊं दे, मग सांगतों," असें मीं म्हटलें खरें. पण हात धुवून ओटीवर आलों तरी उत्तर सुचेना. पुढें चार पुस्तकें चाळून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

केशवचंद्रांची थोरवी आधीं सांगितली पाहिजे. त्यांचा जन्म १८३८ सालीं कलकत्त्यास झाला. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ते ब्राह्मसमाजांत शिरले आणि महर्षि देवेंद्रनाथ ठाकुरांचे उजवे हात बनले. जातिभेदासारख्या प्रश्नांवर महर्षींशीं मतभेद होऊन १८६६ सालीं त्यांनीं भारतवर्षीय ब्राह्मसमाज स्थापिला. तत्पूर्वीं १८६४ सालीं ते मुंबईस आले होते. त्यांच्या वाणीनें जी जागृति झाली, तिचें एक फळ म्हणजे १८६७ सालीं डॉ. आत्माराम पांडुरंग प्रभृतींनीं स्थापिलेला प्रार्थनासमाज. १८७० सालीं विलायतेहून परत आल्यावर केशवचंद्रांनीं एका पैशाचें 'सुलभ समाचार' हें पत्र काढिलें. मुलींच्या विवाहयोग्य वयाविषयीं नामांकित डॉक्टरांचीं मतें मागविलीं, आणि त्यांच्या खटपटीनें १८७२ चा तिसरा कायदा झाला. त्यांत वधूचें वय किमान चौदा व वराचें अठरा ठरलें.

आतां दुसरी बाजू. कूचबिहारचे अल्पवयी महाराज नृपेंद्रनारायण यांस सुशिक्षित वधू मिळावी, अशी तेथील इंग्रज अधिकाऱ्यांची इच्छा होती. त्यांनीं केशवचंद्रांच्या कन्येस, सुनीतीदेवींस, मागणी घातली. ६ मार्च १८७८ रोजीं विवाह झाला. वधूस चौदावें वर्ष पुरें झालें नव्हतें. वर पंधरा वर्षांचा होता. विधींत मूर्तिपूजा नसावी अशी अट होती, पण राजवाड्यांतील मंडळींपुढें ती नीट टिकली नाहीं. परदेशगमनामुळें केशवचंद्र जातिबाह्य ठरले, म्हणून कन्यादान त्यांचे बंधु कृष्णबिहारी यांनीं केलें. विवाह त्या कायद्याखालीं झालाच नाहीं, तेव्हां कायदा मोडला असें म्हणतां येत नाहीं. विवाहानंतर महाराज शिक्षणासाठीं विलायतेस गेले, हेंही नमूद केलें पाहिजे. तथापि ज्यानें चौदा वर्षांची मर्यादा इतरांस घालून दिली, त्याच्याच घरीं ती पाळली गेली नाहीं, हें नाकारतां येत नाहीं.

अनुयायांनीं जाब विचारला तेव्हां केशवचंद्रांनीं ईश्वराच्या 'आदेशा'चा आधार घेतला. मला त्यांचा खरा दोष येथें दिसतो. मुलीच्या मोहानें, राजघराण्याच्या आकर्षणानें किंवा अधिकाऱ्यांच्या भिडेनें माणूस घसरतो; त्याला समजावतां येतें. पण ईश्वराचीच आज्ञा पुढें केली कीं समोरच्याचें तोंड बंद होतें.

ही संवय एका दिवसाची नव्हे. १८६८ सालीं मोंघीर येथें कांहीं भक्त केशवचंद्रांच्या पायांवर लोळण घेऊं लागले होते. विजयकृष्ण गोस्वामींसारख्या सहकाऱ्यांनीं त्यास जाहीर विरोध केला. केशवचंद्रांनीं मात्र तें कठोरपणें थांबविलें नाहीं. तेव्हां दोषाचा एक वांटा भक्तांकडेही जातो. दहा वर्षें ज्याचे पाय धरले, त्याला आपला प्रत्येक विचार ईश्वरी वाटूं लागला, तर नवल काय? विवाहानंतर शिवनाथ शास्त्री, आनंदमोहन बोस प्रभृति वेगळे झाले. १५ मे १८७८ रोजीं त्यांनीं साधारण ब्राह्मसमाज स्थापिला आणि एका माणसाच्या शब्दावर समाज चालूं नये म्हणून लेखी घटना केली. पुरुषपूजेवर याहून शहाणा उपाय मला माहीत नाहीं.

सुनीतीदेवींनीं पुढें कूचबिहारांत स्त्रीशिक्षणाचें काम केलें आणि १९२१ सालीं इंग्रजींत आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्यांच्या घरीं सून आली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे. तिनें ग्वाल्हेरचा ठरलेला संबंध मोडून १९१३ सालीं स्वतःच्या पसंतीनें विवाह केला. तथापि पीक चांगलें आलें म्हणून पेरणी योग्य होती, असें म्हणतां येत नाहीं.

हें सारें लिहितांना माझेंच एक पाप मला आठवतें. शाळेंत तीस वर्षें मीं मुलांकडून हुंड्याविरुद्ध निबंध लिहवून घेतले. धाकट्या भावाच्या लग्नांत मात्र वडिलांनीं रक्कम ठरविली तेव्हां मी शेजारच्या खोलींत गप्प बसलों. वडिलांची आज्ञा ही माझी ढाल होती. भावजय आज घरची अन्नपूर्णा आहे. पण तिच्या वडिलांनीं त्यासाठीं शेत गहाण टाकलें, हें मला पुढें कळलें. तरीही माझे विद्यार्थी वाटेंत भेटले तर नमस्कार करतात. त्यांनीं माझ्यापासून काय घ्यावें? तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत गुरुच शिष्यास बजावितो कीं, आमच्या चांगल्या आचरणाचें अनुकरण कर, इतरांचें नको. आपल्यांत दोष असूं शकतो, हें त्या गुरूनें आधींच कबूल केलें आहे. केशवचंद्रांनींही 'जीवनवेद' या बंगाली प्रवचनांत पापबोधावर स्वतंत्र विवेचन केलें आहे. भक्तांनीं त्यांचा तेवढा शब्द मनावर घेतला असता, तर!

मुलीस मीं हें सर्व सांगितलें, हुंड्याची गोष्टही. तिचें पुरतें समाधान झालें नाहीं, आणि तें व्हावें असा माझा आग्रहही नाहीं. आम्ही दोघांनीं मिळून तसबीर उतरविली, कांच पुसली, आणि मागच्या पुठ्ठ्यावर तिनें दोन ओळी लिहिल्या : १८७२, विवाहाचा कायदा, १८७८, कूचबिहारचा विवाह. तसबीर पुन्हां आपल्या जागीं लागली आहे. यंदाच्या दिवाळींत तिला हार घालणार नाहीं, एवढें मात्र ठरलें आहे.