शंभर वर्षांतला पूर दोन वर्षांत परत कसा? संभाव्यतेचा गुणाकार

आजचा एपिसोड सातवी-आठवीच्या पोरांसाठी, आणि त्यांना शिकवताना अडकणाऱ्या ताई-दादांसाठी. विषय संयुक्त संभाव्यता. नाव जड आहे, प्रश्न साधा: दोन गोष्टी एकत्र घडायची शक्यता किती?

नाणं दोनदा उडवा. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चारच प्रकार. दोन्ही वेळा छापा म्हणजे चारातला एक. 1/2 × 1/2 = 1/4. पहिल्यांदा काय पडलं, याचा दुसऱ्या वेळेवर काही परिणाम नाही. या झाल्या स्वतंत्र घटना.

आता भिशी घ्या. दहा जण, दर महिन्याला एक चिठ्ठी, निघालेली चिठ्ठी परत टाकायची नाही. पहिले दोन महिने तुमचं नाव न निघण्याची शक्यता किती? पहिल्या महिन्यात 9/10. दुसऱ्या महिन्यात डब्यात नऊच चिठ्ठ्या उरल्या, म्हणून 8/9. गुणाकार केला की 8/10. गुणाकार इथंही आहे, पण दुसरा अपूर्णांक बदलला. या अवलंबून असलेल्या घटना.

मी शिवाजी पेठेत राहतो, त्यामुळं पुढचं उदाहरण पंचगंगेचंच. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला परत गेलं. "असला पूर शंभर वर्षांतनं एकदाच येतो" असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ नीट घ्या. अर्थ एवढाच की दर वर्षी शक्यता 1/100. एकदा येऊन गेला म्हणून 99 वर्षं सुट्टी, असं नाही. नदी कॅलेंडर बघत नाही.

मग 30 वर्षांत किमान एकदा यायची शक्यता किती? इथं उलटं मोजा. एका वर्षी न येण्याची शक्यता 99/100. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 0.99 हा आकडा 30 वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर साधारण 0.74. ते 1 मधून वजा करा: 0.26. म्हणजे जवळजवळ चारात एक! नदीकाठी घर घेणाऱ्यानं हा आकडा बघायलाच पाहिजे. आणि पाऊसमान बदललं, पूररेषेत बांधकामं वाढली, तर तो 1/100 सुद्धा तसाच राहत नाही.

आता खरी फसगत कुठं होते बघा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते. समजा जुलैतल्या एखाद्या दिवशी प्रत्येक नदी फुगायची शक्यता 1/10. मग चारही एकदम फुगायची शक्यता 1/10,000? अजिबात नाही! चारही नद्यांना पाणी त्याच सह्याद्रीतल्या पावसाचं. कुंभी फुगली म्हटल्यावर कासारीही फुगलेली असायची शक्यता 1/10 पेक्षा कितीतरी जास्त. सरसकट 1/10 नं गुणलं तर धोका कागदावर छोटा दिसतो, आणि आपण निवांत झोपतो.

म्हणून गुणाकाराआधी एकच प्रश्न विचारा: पहिली घटना घडली हे कळल्यावर दुसरीचा आकडा बदलतो का? नाही, तर सरळ गुणा. हो, तर बदललेला आकडा घेऊन गुणा.

जाता जाता गृहपाठ: तीन नाणी उडवली, किमान एक छापा पडायची शक्यता किती? उलटं मोजा, लगेच सुटेल. भेटू पुढच्या एपिसोडला!